महीच्या कोतरातली वेल : ओळख पटेपर्यंतच्या नोंदी

रविवार, १५ सप्टेंबर २०२४

दीड दिवसाचे गणपती झाले, पावसानेही उघडीप दिली, म्हणून आज पहिली फेरी. वडोदऱ्याजवळ सिंधरोटच्या बाजूला मही नदीला मिळणारं एक कोतर (पावसाच्या पाण्याने कोरलेली घळ) गेल्या वर्षापासून मनात होतं. आम्ही चौघं : मी, माझा भाचा (बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे), शेजारच्या काकू आणि त्यांचे यजमान. काम असं ठरवलंय की कोतराच्या तोंडापासून वर चारशे मीटरच्या पट्ट्यात जेवढ्या वेली आहेत तेवढ्या ओळखायच्या, इथल्या कोणत्या आणि बाहेरून आलेल्या कोणत्या ते लिहून काढायचं आणि मगच कोयत्याचा विचार करायचा.

'मगच' या शब्दावर मी अडून बसले आहे, त्याला कारण आहे. गेल्या वर्षी इथून जवळच नदीकाठ साफ करण्याची एक मोहीम झाली. उत्साह खरा होता, माणसंही पुष्कळ आली होती. पण झाडावर चढलेली वेल म्हणजे झाडाचा शत्रू, एवढंच त्यांना सांगितलं गेलं होतं. गुळवेल, डोडी, उतरण, उपळसरी सगळं सरसकट कापलं. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा डोडीचे भारे धुळीत सुकत पडले होते. जिच्या कोवळ्या पाल्याची भाजी इथली घरं हौसेने करतात, ती वेल. तो ढीग आठवला की आजही पोटात तुटतं.

आजची मुख्य नोंद : कोतराच्या डाव्या कडेला सहा-सात देशी बाभळी एकाच हिरव्या गोधडीखाली गेल्यासारख्या दिसतात. बाभळीचं पान दिसतच नाही. गोधडीतून वर, मोकळ्या हवेत, एकही उपफांदी नसलेले लांबच लांब शेंडे उभे आहेत, चाबकाच्या छड्यांसारखे. काही वाकून पलीकडच्या हिंगणबेटाला टेकलेत. फुलं वर आहेत, फिकट जांभळी, नरसाळ्यासारखी. हात पोचला नाही.

भाच्याने लांबून फोटो काढला. फोनमधलं ॲप म्हणालं, जांभळी अलमांडा. मी पान तोडून पाहिलं. पानं समोरासमोर, देठातून पांढरा चीक. म्हटलं, ही कावळी असणार. कावळी म्हणजे क्रिप्टोलेपिस, आपल्याकडची रानवेल. वहीत लिहिलं, 'कावळी, देशी, हात लावू नये', आणि बुंध्याला निळी पट्टी बांधून आले.

रविवार, २२ सप्टेंबर २०२४

मागच्या नोंदीवर काट मारते आहे.

आठवडाभर पुस्तकात ठेवलेलं ते पान काल काढलं. कावळीच्या पानाची खालची बाजू पांढुरकी असते, उलटं केलं की लगेच लक्षात येतं. हे पान दोन्हीकडून हिरवं, वरून तेल चोळल्यासारखं चकचकीत, आठ सेंटिमीटर लांब, चार रुंद. देठाला तांबूस-जांभळी झाक. शिवाय कावळीचं फूल लहान, पिवळट. लांबून जे पाहिलं ते तर मनगटाएवढं रुंद वाटत होतं. ज्या वेलीला मी 'देशी' म्हणून संरक्षण दिलं, ती कावळी नाही एवढं तरी नक्की. निळी पट्टी सोडली, पिवळी बांधली. पिवळी म्हणजे 'ठरलेलं नाही'.

अलमांडाही नाही. अलमांडाची पानं एका पेरावर तीन-तीन, चार-चार अशी फेर धरून असतात. इथे प्रत्येक पेरावर दोनच. आम्ही पंचवीस पेरं मोजली, एकदाही तिसरं पान सापडलं नाही. ॲपला दोष देत नाही. लांबून फूल खरंच तसं दिसतं. पण पेरावर किती पानं आहेत हे त्याला फोटोत दिसलंच नव्हतं.

चढते कशी, तेही पाहिलं. तणावे नाहीत, चिकटणारी मुळं नाहीत. नुसती पीळ घालत जाते. आधार मिळाला नाही तर झुडूप होऊन उभी राहते : कोतराच्या तळाशी, मोकळ्यावर, छातीएवढी दोन झुडपं मिळाली, तीच पानं, तोच चीक. जुन्या खोडावर बारीक पांढुरके ठिपके.

कोतराच्या वर ज्यांचं शेत आहे ते काका बकऱ्या घेऊन आले. आम्ही काय करतोय ते विचारलं आणि एका वाक्यात सांगून टाकलं : "बेन, आ तो रबडनी वेल. बकरी पण मोढुं नथी अडाडती." म्हणजे, ही तर रबराची वेल, बकरीसुद्धा तोंड लावत नाही. त्यांच्या वडिलांच्या वेळी वरच्या एका शेताच्या कुंपणावर थोराबरोबर ही लावली होती म्हणे, ढोरं खात नाहीत म्हणून. कुंपण गेलं, वेल खाली उतरली.

भाच्याने चिकाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यात घेऊन चोळला. मिनिटभरात त्याचा चिकट गोळा झाला, बोटं लांब केली तशी तार आली. रबरच. मी त्याला ओरडले आणि लगेच साबणाने हात धुवायला लावले, डोळ्याजवळ नेऊ नकोस म्हणून बजावलं. रबरवेल असेल तर हा चीक विषारी आहे, हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात त्यात. यापुढे हातमोजे घातल्याशिवाय कुणीही पान तोडायचं नाही.

रविवार, २९ सप्टेंबर २०२४

आज फूल मिळालं.

काकूंच्या यजमानांनी आंबे उतरवायची झेली आणली होती. त्या झेलीने चार फुलं अलगद उतरवली. बाभळीखाली सतरंजी टाकली, ब्लेड, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि पांढरा कागद घेऊन बसलो. माझ्या अंदाजाने पाऊण तास आम्ही एकाच फुलावर होतो.

बाहेरून : पाच पाकळ्या, खाली जोडून नळी. नळी आतून पांढरट, कडेकडे गुलाबी-जांभळी. तळहातावर ठेवलं तर पाच-सहा सेंटिमीटर भरेल. कळी पीळ दिलेली, ओल्या कपड्यासारखी. इथपर्यंत अलमांडाही चालली असती.

मग नळीला उभा छेद दिला आणि दोन्ही बाजू कागदावर पसरल्या. नळीच्या तळाशी पुंकेसर एकमेकांना टेकून शंकूसारखे उभे, आणि त्यांच्या वर, नळीच्या भिंतीतून निघालेले बारीक पांढरे दोरे, पुंकेसरांवर झाकण धरल्यासारखे. हाच त्या फुलाचा तो जादा भाग, ज्याला पुस्तकात तोरण किंवा किरीट म्हणतात. अलमांडात असं काही नसतं, तिथे नळीच्या घशात नुसते केस असतात. म्हणजे अलमांडा इथेच बाद झाली.

आता प्रश्न उरला तो हे दोरे किती. भाचा म्हणाला, "मावशी, पाच." मी म्हटलं, पुन्हा मोज, आणि सुईने एकेक वेगळा कर. त्याने सुईचं टोक एका दोऱ्याखाली घातलं आणि दोरा मधोमध उकलला. बुडाशी एक, वर दोन. सापाच्या जिभेसारखा. दुसराही तसाच, तिसराही. बुडं पाच, टोकं दहा. चारही फुलं कापली, चारही फुलांत दहा टोकं.

हे मोजायला का हवं होतं ते लिहून ठेवते. रबरवेलीचं शास्त्रीय नाव क्रिप्टोस्टेजिया. या प्रजातीत दोनच जाती आहेत, दोन्ही मूळच्या मादागास्कर बेटावरच्या, दोन्ही बागेत लावल्या जातात, दोन्ही पळून रानात शिरतात. क्रिप्टोस्टेजिया ग्रँडिफ्लोरात तोरणाचा प्रत्येक दोरा दुभंगलेला असतो. क्रिप्टोस्टेजिया मादागास्करिएन्सिसमध्ये तो अखंड, पाचच. पानांवरून आणि लांबून पाहिलेल्या फुलांवरून हा भेद खात्रीने करता येत नाही, शिवाय दोघींचा संकरही होतो. सुईच्या टोकावर ठरतं ते.

आमची ग्रँडिफ्लोरा. पिवळी पट्टी सोडली, लाल बांधली. काकूंनी पेन्सिलीने दुभंगलेल्या दोऱ्याचं चित्र वहीत काढलं. फोटोपेक्षा ते स्वच्छ कळतं.

गुरुवार, ३ ऑक्टोबर २०२४ (रात्री, घरी)

आज नवरात्र बसलं, मैदानावर गरबा सुरू आहे, ढोलाचा आवाज वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारापर्यंत येतोय. वाचलेलं थोडक्यात टिपते, म्हणजे पुढच्या फेरीत विचारलं तर सांगता येईल.

क्रिप्टोस्टेजिया हे नाव ग्रीक शब्दांवरून आलं : लपलेलं झाकण. ते पुंकेसरांवरचं झाकण आम्ही रविवारी सुईने उचललं, त्यावरूनच. मादागास्करची ही वेल शास्त्राच्या वहीत चढली ती मात्र भारतातल्या झाडांवरून. कलकत्त्याच्या बागेत विल्यम रॉक्सबर्गने तिला कण्हेरीच्या प्रजातीत घातलं होतं, रॉबर्ट ब्राउनने १८२० साली तिची वेगळी प्रजाती केली. म्हणजे दोनशे वर्षांहून जास्त काळ ती आपल्याकडे आहे. फुलासाठी आणि रबरासाठी आणलेली, कुंपणासाठी ठेवलेली.

दुसऱ्या महायुद्धात जपानने आग्नेय आशियातले रबराचे मळे घेतल्यावर अमेरिकेने हैतीत हिची मोठी लागवड करवली. रबर पुरेसं निघालं नाही, १९४४ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला, शेतकऱ्यांच्या जमिनी मात्र त्यात गेल्या. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या नद्यांकाठी हिने मैलोगणती झाडं झाकली. १९९९ मध्ये त्या देशाने देशभरासाठी गंभीर ठरवलेल्या पहिल्या वीस तणांत हिचा समावेश केला. तिथे मादागास्करहून तांबेरा रोगाची बुरशी आणि एक पतंग आणून सोडले, ते कामाला आले. दुसरी जात, पाच दोऱ्यांची, ब्राझीलच्या ईशान्येला कार्नौबा ताडांवर चढते आहे.

क्वीन्सलंडच्या वर्णनातलं एक वाक्य मनात राहिलं : वेल आधी नदीकाठ धरते. आमचं कोतर म्हणजे पावसाळ्यातली नदीच.

रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

नवरात्रामुळे मागची फेरी झाली नव्हती. आज फक्त मोजणी. चारशे मीटरमध्ये रबरवेल चढलेली एकोणीस झाडं : बारा देशी बाभळी, तीन बोरी, दोन कडुनिंब, एक हिंगणबेट, एक गांडा बावळ (विलायती बाभूळ). तीन बाभळी वठलेल्या. त्या वेलीमुळेच वठल्या असं मी लिहिणार नाही, कडा खचल्याने त्यांची मुळंही उघडी पडली आहेत.

शनिवार, १९ ऑक्टोबर २०२४ (घरी)

नमुन्याचे कागद बदलताना झालेली चूक इथे नीट लिहिते, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

हर्बेरियमसाठी (सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी) तीन फांद्या दाबून ठेवल्या होत्या. चिकाची झाडं लवकर सुकत नाहीत, रोज वर्तमानपत्र बदलावं लागतं, नाहीतर पान काळं पडतं आणि बुरशी धरते. सुकल्यावर काल मी माळ्यावर, पंखा लावून, तोंडाला काही न बांधता जादा पानं खुडत बसले. सुकलेल्या पानांचा बारीक चुरा उडाला. तासाभरात नाक वाहायला लागलं, डोळे चुरचुरले आणि रात्रभर खोकला. हिच्या सुक्या भुकटीने असं होतं हे मी तीन तारखेलाच वाचलं होतं, वहीत टिपायचं राहिलं. आता पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलंय : सुकी वेल हाताळताना मास्क आणि चष्मा, पंखा बंद.

तीन नमुने तयार झाले. लेबलवर जागा, तारीख, आधाराचं झाड, फुलाचा रंग आणि 'तोरणाचे दोरे दुभंगलेले, चार फुलांत तपासले' असं स्पष्ट लिहिलं. एक विद्यापीठात देणार. फुलाचा रंग सुकल्यावर जातो, म्हणून तो ताजा असतानाच लिहायचा.

रविवार, २० ऑक्टोबर २०२४

आज जे दिसलं त्याने मी थोडी गोंधळले. रबरवेलीच्या एका पानाखाली चांदीचा डूल लटकल्यासारखा कोष. आरशासारखा चकाकत होता, त्यात माझ्या साडीचा रंग दिसला. शेजारच्या पानावर अळी : तपकिरी, अंगावर पांढऱ्या रेघा, पाठीवर काळ्या दोऱ्यांच्या चार जोड्या. हबशी फुलपाखरू, ज्याला इंग्रजीत कॉमन क्रो म्हणतात. कण्हेर, उपळसरी, कावळी अशा चिकाच्या झाडांवर ते वाढतं, आणि इथे परक्या वेलीवरही वाढतंय.

भाच्याने विचारलं, मग कापायची का? मी म्हटलं, कापायची, पण त्याआधी कावळी आणि उपळसरी कोतरात कुठे आहेत ते शोधायचं. फुलपाखराला पर्याय असला पाहिजे. कोष असलेल्या फांद्यांना पांढरा दोरा बांधला. त्या फांद्या कोष रिकामे होईपर्यंत राहतील.

रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतरची पहिली फेरी, आणि वेल दुरूनही ओळखू यावी असा दिवस. शेंगा धरल्या आहेत. देठाला दोन, एकमेकींकडे पाठ करून, सरळ आडव्या पसरलेल्या, बैलाच्या शिंगांसारख्या. हिरव्या, कडक, तीन धारांच्या, दहा-बारा सेंटिमीटर लांब. उतरणीच्या शेंगाही जोडीने येतात, पण त्यांच्यावर मऊ काटे असतात आणि पान बदामी, लवेचं.

आणि कावळी सापडली! खरी कावळी. वरच्या बाजूला, बोरीत शिरलेली. पान उलटं केलं आणि पांढुरकी पाठ दिसली तेव्हा जीव भांड्यात पडला. शेंगा हिच्याही जोडीच्या आणि आडव्याच, पण बारीक, जेमतेम माझ्या करंगळीच्या जाडीच्या. दोन्ही शेंगा एका सतरंजीवर ठेवून सगळ्यांना हाताळायला दिल्या. काकूंचे यजमान म्हणाले, "आता अंधारातही सांगेन." दोन ठिकाणी कावळी, पाच ठिकाणी उपळसरी. निळ्या पट्ट्या.

रबरवेलीची एक हिरवी शेंग घरी आणून पाण्याच्या बादलीत टाकली.

रविवार, १५ डिसेंबर २०२४

बादलीतली शेंग तीन आठवडे झाले तरी तरंगते आहे. म्हणजे कोतरात पडलेली शेंग पहिल्या पुराला महीत जाणार आणि खाली कुठेही लागणार. शेंगा उकलण्याआधी काढायच्या, हे पक्कं झालं.

जमीन गौचराची, म्हणजे गावाच्या गायरानाची आहे, म्हणून सरपंचांना भेटलो. वहीतली चित्रं दाखवली, कोणत्या पट्टीची वेल काढणार आणि कोणत्या पट्टीला हात लावणार नाही ते सांगितलं. त्यांनी होकार दिला आणि मदतीला दोन तरुण देऊ म्हणाले. कोष सगळे रिकामे.

रविवार, १९ जानेवारी २०२५

उत्तरायण झाली, झाडांच्या शेंड्यांत पतंगांचे सांगाडे आणि मांजा. मांजाच्या भीतीने शेंडे ओढायचे नाहीत असं आधीच ठरवलं. आधी शेंगा : झेलीने उतरवून सरळ पोत्यात. पाच पोती भरली, तोंडं शिवली. मग बुंधे. नुसतं कापलं तर ही पुन्हा फुटते, म्हणून खोड जिथे मुळाला मिळतं त्या गाठीसकट, वीतभर खोल खणून काढलं. कठीण काम. दिवसभरात सातच झाडं मोकळी झाली. वर अडकलेली वेल तिथेच सुकू दिली, ओढली तर बाभळीच्या फांद्या मोडतात. गांडा बावळ शेवटी, तोही परकाच.

सरपंचांनी पाठवलेल्या तरुणांपैकी एकाने कोयता उचलला आणि थांबून मला विचारलं, "बेन, आ लाल पट्टी के भूरी?" भूरी म्हणजे निळी. त्याने विचारलं याचा मला फार आनंद झाला.

रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

सहा झाडं आणखी मोकळी, एकूण तेरा. एक शेंग नजरेतून सुटली होती, ती उकललेली सापडली. आत तपकिरी बिया माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक रचलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला रेशमी पांढरा झुपका. पाकळी उघडल्यासारखी शेंग उघडते आणि वारा एकेक बी उचलून नेतो. उरलेल्या बिया मोजायला बसलो, दोनशेच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. वीस बिया घरी ओल्या फडक्यात ठेवल्या. आठवड्याने पाहीन.

रविवार, २ मार्च २०२५

वीसपैकी सतरा रुजल्या. फडक्यासकट उकळत्या पाण्यात टाकल्या.

कोतरात : राहिलेली सहा झाडं आज झाली, गांड्या बावळासकट. जानेवारीत मोकळ्या केलेल्या सात बुंध्यांपैकी दोन पुन्हा फुटले आहेत, तांबूस देठाची चार-चार पानं. दोन्ही ठिकाणी गाठ अर्धी जमिनीत राहिली होती. पुन्हा खणलं. पोत्यांतल्या शेंगा सुकून आतल्या आत उकलल्या आहेत. काकांच्या शेताच्या कडेला, पुराचं पाणी पोचत नाही अशा उंचीवर, कमरेएवढा खड्डा करून पोती न उघडता पुरली.

पहिल्या बाभळीवरची वेल सुकून तपकिरी झाली आहे आणि तिच्यातून बाभळीचा नवा पाला बाहेर आला आहे, पिसासारखा, फिकट हिरवा. वरच्या बोरीतली कावळी शाबूत.

पुढची फेरी पहिला पाऊस पडून पंधरा दिवस झाले की. तेव्हा कोतराच्या तळातली रोपं शोधायची, बोटभर असतानाच मुळासकट उपटायची. उपटण्यापूर्वी प्रत्येक रोपाचं पान उलटून पाहायचं. सोबत : हातमोजे, भिंग, निळ्या पट्ट्या जास्त.